मखमली झूल आणि ओली वाटी

मी एक जुना नेब्युलायझर आहे, औषधाची वाफ करून देणारे यंत्र. मित्रांनो, तुमच्या कौतुकाची मला गरज नाही. कौतुक मी भरपूर पाहिले आहे आणि त्याने काय होते तेही.

कारखान्यात मला मोटर बसवली, नळी जोडली, औषधासाठी प्लॅस्टिकची छोटी वाटी दिली. सोबत एक कागद होता. 'वापरानंतर वाटी धुवा, उकळा, उघड्यावर पूर्ण वाळवा.' या घरात त्याची घडी करून कपाटाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवली. कागदाचा एवढाच उपयोग त्यांना सुचला.

घरातल्या आठ वर्षांच्या मुलीला सिस्टिक फायब्रोसिस आहे. जन्मापासून तिच्या फुप्फुसांत चिकट कफ साचतो. तो सुटावा म्हणून ती रोज दोनदा माझा मास्क लावून बसते आणि पायाच्या अंगठ्याने ठेका धरते. तिच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. बाकीच्यांबद्दल बोलेन.

वडील पाहुण्यांना मला दाखवत. "एकदम भारीतलं मशीन आहे." पाहुणे माना डोलावत. आत्याने तर कमालच केली. तिने मला झालर लावलेली मखमली झूल शिवली. वाटी धुतली की ती ओलीच झाकण लावून कप्प्यात ठेवायची आणि वर झूल चढवायची. "धूळ बसायला नको," म्हणायची. धुळीची एवढी धास्ती आणि ओलीची काहीच नाही. बुरशीला शोधूनही याहून चांगले घर मिळाले नसते.

एकदा मुलगी म्हणाली, "आई, याला कुबट वास येतोय."

"रोज नवा बहाणा. गुपचूप घे."

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा म्हणाली. "अगं, आत्या किती जपते त्याला," वडील म्हणाले. घरात नाके चार होती, चालणारे एकच, आणि तेच सर्वांत लहान.

मग खोकला वाढला. जिना चढताना ती दोनदा थांबू लागली. दवाखान्यात फुंकण्याच्या चाचणीत तिच्या फुप्फुसांच्या ताकदीचा आकडा ऐंशी टक्क्यांवरून एकसष्टवर आला. कफात बुरशी सापडली. डॉक्टरीणबाईंनी मला मागवून घेतले. आत्याने मला झुलीसकट नेले, लग्नाला निघाल्यासारखे. बाईंनी वाटी उघडून नाकाशी धरली आणि लगेच दूर केली.

"बुरशी हवेतूनही येते. नक्की कुठून आली ते सांगता येणार नाही. पण ही वाटी पुन्हा वापरू नका. हा वास तुम्हाला कुणालाच आला नाही?"

आई, वडील, आत्या तिघेही झुलीकडे पाहू लागले. मुलीने आईकडे पाहिले. मला त्या तिघांची कीव यायला हवी होती, आली नाही. स्वतःची लाज वाटली, कारण ती वाफ मीच तिला देत होतो.

नवी वाटी आली. औषधे कित्येक महिने चालली. आकडा बहात्तरवर चढला आणि तिथेच अडून बसला. कागद बाहेर निघाला, कपाट पुन्हा डुगडुगू लागले. आता आत्या वाटी उकळते, जाळीवर वाळवते आणि मुलीपुढे धरते.

"वास बघ गं."

मुलगी सावकाश हुंगते. तिने मान हलवेपर्यंत कोणी माझे बटण दाबत नाही.

मित्रांनो, मला मखमल नको, माझी वाटी कोरडी ठेवा. आणि एखादे मूल वास येतो म्हणाले, तर त्याला दटावण्याआधी स्वतःचे नाक लावा. या तिघांनी तेवढे केले असते, तर मुलगी आज कदाचित एका दमात जिना चढली असती. अजूनही ती मध्ये एकदा थांबते. मी वर टेबलावर तिची वाट पाहतो.