चौथा खड्डा

योगिनी मोरे मृदाशास्त्र शिकून चाकणच्या एका माती तपासणी प्रयोगशाळेत लागली होती. तिच्याकडे तपासणीचा स्वतःचा परवाना नव्हता. परवानाधारकाच्या हाताखाली काम करणाऱ्यांना त्यातून सूट होती. अहवालावर सही मात्र प्रयोगशाळेचे परवानाधारक देशमुख सर यांचीच लागे.

पुनावळ्यात दत्तोबांना मुलासाठी घर बांधायचं होतं. पायाखालची माती तपासायला जेसीबीने घेतलेल्या तिन्ही खड्ड्यांत चांगला टणक मुरूम लागला. योगिनी सामान आवरत होती, तेव्हा दत्तोबा सहज म्हणाले, "त्या कोपऱ्यात आमची विहीर व्हती. वडलांनी बुजवली."

तिने लगेच सरांना फोन केला. "सर, चौथा खड्डा घ्यावा लागेल."

"तीन पुरे झाले. सही मी करतोय ना?"

"सही तुमची आहे सर, पण नमुने मी घेतलेत. बुजवलेल्या विहिरीवर घराचा खांब येतोय. तिथली माती बघितल्याशिवाय मी अहवाल लिहिणार नाही."

तासाभराने सर स्वतःच आले. चौथ्या खड्ड्यात दहा फुटांपर्यंत विटांचे तुकडे, राख आणि भुसभुशीत भरावच निघाला. सरांनी काठावर उकिडवं बसून मूठभर भराव उचलला आणि बोटांनी कुस्करून पाहिला.

घर पंधरा फूट मागे सरकवायचं ठरलं. आठवड्याने अहवाल हातात आल्यावर दत्तोबांनी विचारलं, "पोरीचं नाव न्हाई व्हय यात?"

सरांनी पेन काढलं आणि आपल्या सहीच्या वर लिहिलं, 'तपासणी व निष्कर्ष : योगिनी मोरे.'

योगिनीने त्या पानाचा फोटो काढून लातूरला आईला पाठवला.