दोनशे सतरा नंबरची सायकल

जमालमामांच्या सायकलीला एक वर्षाची मुदत मिळाली होती आणि त्यातले सात महिने निर्वेध पार पडले होते.

मुदत दिली होती त्यांच्या लेकीने, नाझमीनने. झालं होतं असं, की नारळी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात बंदराच्या उतारावर मामांचा ब्रेक लागला नाही आणि ते सायकलीसकट मासेवाल्या हौसाबाईच्या बांगड्यांच्या पाटीत जाऊन थांबले. मामांचं कोपर सोलवटलं, बांगड्यांचं काही बिघडलं नाही. पण हौसाबाई भर दुपारी घरी येऊन नाझमीनला सगळं साभिनय दाखवून गेली.

"अब्बा, सत्तर वर्सां झाली तुमका," नाझमीन म्हणाली. "एक वरीस बघतंय. हेच्या फुडे सायकलीबद्दल एक जरी तक्रार घराकडे इली, तर सायकल भंगारात."

"मान्य," मामा म्हणाले.

नाझमीन प्राथमिक शाळेत शिक्षिका. बोललेलं ती करायची. हा गुण तिला कुठून आला, याची तक्रार करायला मामांना जागा नव्हती. छत्तीस वर्षं ते हायस्कुलाच्या प्रयोगशाळेत परिचर होते. मुलांच्या छत्तीस तुकड्या त्यांच्या हाताखालून गेल्या, आणि गावातला निम्मा माणूस त्यांना अजून जमालमामाच म्हणत होता.

सायकल म्हणजे मामांची सकाळ. साडेसहाला ते निघत, बंदरावर लिलाव बघत, आणि आळीतल्या पाच घरांची मासळी घेऊन परत येत. गालफडाखाली अंगठा दाबून मासा कालचा की आजचा हे ते सांगत, आणि पाच घरांचा त्या अंगठ्यावर विश्वास होता. सायकल गेली की सकाळ गेली, आणि सकाळ गेली की राहिलेल्या दिवसात तसंही काही नव्हतं. म्हणून सात महिने ते असे चालवत होते, की जणू रस्त्याच्या दोन्ही बाजूंना परीक्षक बसलेत. वळताना हात बाहेर. कुत्र्यालासुद्धा घंटी. बाजारचौकात तर कुणा मोठ्या माणसाच्या दौऱ्यासाठी नगरपालिकेने पांढरी आडवी रेघ मारून घेतली होती. दौरा झाला, रेघ राहिली. गावात सिग्नल नव्हता, त्यामुळे ती कशासाठी आहे हे कुणाला कळलं नाही. मामा रोज तिच्याअलीकडे थांबत, डावी-उजवीकडे बघत आणि मग जात. मागच्या रिक्षावाल्यांना त्याची सवय झाली होती.

मार्चमध्ये वरच्या कचेरीतून पोलीस ठाण्यात एक तक्ता आला. त्यात 'सायकलस्वारांवरील कारवाई' असा एक रकाना होता, आणि या ठाण्यापुढे त्यात शून्य होतं. शेजारच्या ठाण्यापुढे अकरा. शून्याचे दोन अर्थ निघतात: सगळे नियम पाळतात, किंवा कुणी बघत नाही. वरच्या कचेरीने दुसरा अर्थ घेतला. आठवड्यात शून्य हललं पाहिजे असं ठरलं आणि शिवांगी परब या कॉन्स्टेबलला दंडाचं मशीन देऊन बाजारचौकात उभं करण्यात आलं.

सकाळी सातपासून तिने चौदा सायकली अडवल्या. एकालाही दंड झाला नाही. मशीनमध्ये पहिला चौकोन वाहन क्रमांकाचा होता, आणि तो भरल्याशिवाय मशीन पुढे सरकत नव्हतं.

मामा बंदरावरून परतले तेव्हा पंधरावा उभा होता. बर्फाच्या कारखान्यातला सर्वेश. उलट्या बाजूने आलेला, कानाला मोबाईल, कॅरिअरवर गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी. मामा नेहमीप्रमाणे थांबले आणि ऐकू लागले.

"नंबर सांगा," शिवांगी म्हणाली. गणवेशात असली की ती पुस्तकी मराठी बोलत असे.

"माझो?"

"सायकलीचा."

"सायकलीचो? बाय माझे, उद्या तू बर्फाक नंबर विचारशीत." लोक जमू लागले तसा सर्वेशला जोर चढला. "लवकर काय ता कर. मी थांबान, ह्यो बर्फ थांबूचो नाय. अर्धो गटारात गेलो."

"नंबर नसेल तर तसं सांगा."

"सायकलीक खंय नंबर आसता? गावात एका तरी सायकलीक आसा तर दाखव. दंड मी भरतंय!"

लोक हसले. शिवांगी मशीनकडे बघत राहिली. तिच्या कपाळावर घाम होता. गप्प राहून मामांचं काहीच बिघडणार नव्हतं. पण समोर एक चुकीचं विधान झालं होतं, तेही चारचौघांत.

"आसता," मामा म्हणाले. "माझ्या सायकलीक आसा."

"मगे तेंचोच घे!" सर्वेश म्हणाला, आणि उलट्या बाजूनेच निघून गेला.

हँडलखाली, दिव्याच्या दांडीवर, मामांच्या सायकलीला पितळी बिल्ला होता. पूर्वी नगरपालिका सायकलींवर वर्षाला कर घ्यायची आणि कर भरणाऱ्याला असा बिल्ला द्यायची. बहुतेकांनी तो कधी घेतला नाही, घेतलेल्यांनी पुढे हरवला. मामांनी दरवर्षी भरला. कर बंद झाल्यावरही दोन वर्षं ते खिडकीवर विचारायला गेले होते, नक्की बंद झालाय का म्हणून.

शिवांगीने रुमालाने बिल्ला पुसला. नगरपालिकेचं नाव, आणि खाली २१७.

"मामानु, घालून बघतंय हां," ती एकदम घरच्या भाषेत म्हणाली. "नुसता बघतंय, मशीन घेता काय ता."

'इतर वाहन' अशी एक जागा होती. कुठल्याही शासकीय किंवा स्थानिक संस्थेने दिलेला क्रमांक तिथे चालत होता. मशीनने २१७ घेतला, पहिला चौकोन हिरवा झाला आणि दुसरा उघडला. गुन्हा. मागे जायचं बटण दाबल्यावर त्याने वरिष्ठांचा पासवर्ड मागितला.

"अगो बाई," शिवांगी म्हणाली. "मामानु, आता काय लिवू? तुमी तर काय केल्यात पण नाय."

इथेही मामांना गप्प राहता आलं असतं. पण ही शिवांगी दहावीला त्यांच्याच प्रयोगशाळेत होती. लंबकाचं रीडिंग शेजारणीचं बघून लिहिलं म्हणून मामांनीच तिला सांगितलं होतं, बाय, आलेलं असेल तेच लिहायचं, चुकलेलं असलं तरी. आता ती पेन्सिल धरावी तसं मशीन धरून त्यांच्याकडे बघत होती. मामांनी खाली बघितलं. सर्वेशचं ऐकण्याच्या नादात पुढचं चाक रेघेवर नव्हे, रेघेच्या पलीकडे गेलं होतं.

मामा वाकले, बोटं लावून मोजली.

"चार बोटां फुडे आसा," ते म्हणाले.

"मामानु, त्या रेघेकडे कोण बघता?"

"मी बघतंय."

तिने 'थांबा-रेषा ओलांडणे' निवडलं. शेवटचा चौकोन मालकाच्या मोबाईलचा. गॅस असो, बँक असो, डोळ्यांचं शिबिर असो, कुणी मोबाईल नंबर विचारला की मामा नाझमीनचा नंबर सांगत. त्यांच्या स्वतःच्या फोनवर अक्षरं बारीक दिसत. तोच नंबर त्यांनी आत्ताही सांगितला, दोन-दोन आकडे सुटे करून, स्पष्ट. शिवांगीने बटण दाबलं, मशीनने छोटा आवाज केला, आणि ठाण्याचं शून्य हललं.

मेसेज नाझमीनच्या फोनवर गेला, हे मामांना कळलं ते त्यानंतर.

शाळेत सगळ्यांचे फोन सकाळी मुख्याध्यापिकेच्या कपाटात जात आणि मधल्या सुट्टीत बाहेर येत. म्हणजे हातात तीन तास होते. मामांनी पाच घरची मासळी पोचवली आणि पोलीस ठाणं गाठलं. टेबलाशी हवालदार जयराम होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"रद्द होता," ते म्हणाले. "एकच वाट आसा. लिवन द्या, की मी खोटो नंबर सांगलंय."

"पण तो खरो आसा."

"खरो आसा म्हणान तर दंड झालो, मामानु! खोटो म्हणा, आत्ता काढून टाकतंय. मगे झालीच तर कारवाई तुमच्यार होईत, खोटी माहिती दिल्याची. सायकल सुटली."

मामा विचारात पडले. नाझमीनशी ठरलं होतं ते सायकलीच्या तक्रारीबद्दल. माणसाच्या तक्रारीबद्दल काही ठरलं नव्हतं. हवालदारांनी कागद पुढे केला. मामांनी लिहिलं, 'मी, जमाल इस्माईल होडेकर, लिहून देतो की'. पुढचं वाक्य पाच शब्दांचं होतं. पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी जीप धूत होतं. मामांनी पेनाला टोपण लावलं, कागदाची घडी करून खिशात घातली आणि सायकल हातात धरून, चालत, घरी आले.

नाझमीन संध्याकाळी आली ती फोन हातात घेऊनच.

"वाहन क्रमांक दोनशे सतरा," तिने वाचलं. "थांबा-रेषा ओलांडणे. अब्बा, ही तक्रार मां?"

"तक्रार."

"कोणी केल्यान?"

"मीच."

त्यांनी सगळं सांगितलं, चार बोटांसकट. नाझमीन ओट्यावर बसली. तिच्या चेहऱ्यावर हसू येऊन गेलं, पण ती लगेच सावरली.

"मोबाईल नंबर पण तुमीच दिल्यात?"

"विचारल्यानी. म्हणान दिलंय."

"मगे ठरलला काय होता?"

"भंगारात," मामा म्हणाले. कुणी आवाज चढवला नाही. मामांनी फडकं आणलं, मडगार्ड पुसलं, चेनला तेल घातलं. भंगारात जायच्या वस्तूला तेल कशाला, असं नाझमीन विचारणार होती, पण तिने विचारलं नाही.

दोघं सायकल घेऊन निघाले ते धामापूरच्या रस्त्याला, बाबलीच्या भंगाराच्या दुकानात. बाबलीने सायकल उचलून वजन अंदाजलं, बिल्ल्यावर नख मारून पितळ खरं आहे हे बघितलं आणि मान डोलावली.

"हे बघ बाबली," नाझमीन म्हणाली. लपवून ठेवणं तिच्यात नव्हतं. "आज सायकलीर दंड झालो हा. ऑनलाइन. तुका म्हायती आसलेला बरा."

बाबलीने सायकल खाली ठेवली. तापलेली कढई ठेवावी तशी.

"दंड आसा? मगे नको गो बाय माका."

"सायकलच मां ती!"

"गेल्या वर्सा स्कूटर घेतलंय एक. दंड थकललो तिचो. कापून, इकून मोकळो झालंय आणि मगे पोलीस इले, गाडी खंय म्हणान. चार खेपा कोर्टात घातलंय. आता दंड असलली वस्तू, फुकट दिल्यात तरी नको. भरल्याची पावती हाडा, काट्यार घालतंय."

"आत्ता भरतंय, थांब," नाझमीन म्हणाली आणि तिथेच उभ्या उभ्या तिने मेसेजमधली लिंक उघडली. पानाने वाहन क्रमांक विचारला, मग चासीचे शेवटचे चार आकडे.

"चासीचो नंबर खंय आसता?"

तिघांनी सायकल उलटी केली. बाबलीने तारेच्या ब्रशने सीटखालचा नळा घासला, पॅडलच्या दांड्याखाली घासला. गंज पडला, हिरवा रंग निघाला, त्याखालचा मूळचा काळा निघाला. आकडा निघाला नाही.

"चार शून्या घाल," बाबली म्हणाला.

"आणि ती खोटी निघाली तर?" नाझमीनने विचारलं, आणि मामांनी तिच्याकडे अशा नजरेने बघितलं, की त्यात अभिमान होता की आणखी काही, हे सांगणं कठीण होतं. पानावर खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, माहिती उपलब्ध नसल्यास संबंधित ठाण्यात सोमवारी संपर्क साधावा.

हिशेब सरळ होता. दंड भरल्याशिवाय सायकल भंगारात जात नव्हती. चार आकडे असल्याशिवाय दंड भरता येत नव्हता. आणि आकडे नव्हते.

सायकल घरी आली. रविवारभर ती माडाला टेकून उभी होती आणि आळीतल्या पाच घरांनी टेम्पोवाल्याकडून घेतलेले शिळे पेडवे खाल्ले. त्याबद्दल संध्याकाळपर्यंत तीन घरं नाझमीनशी बोलून गेली; त्यातलं एक मोरी माशासाठी हळहळणाऱ्या जन्नतचाचीचं.

सोमवारी सकाळी तिने मामांना पाकीट दिलं.

"ठाण्यात भरून येवा. रिक्षान जाशात?"

"दोन मैलाक रिक्षा कित्याक?"

नाझमीनने माडाला टेकलेल्या सायकलीकडे बघितलं. "बरा, सायकल न्या. पण दंड भरूक हां. फकत दंड भरूक."

"फकत दंड भरूक," मामा म्हणाले.

ठाण्यातल्या संगणकालाही तेच चार आकडे हवे होते. हवालदार जयराम यांनी वर पत्र पाठवलं असल्याचं सांगितलं. "फुडल्या सोमवारी येवा," ते म्हणाले.

"येतंय," मामा म्हणाले.

पुढच्या सोमवारी वरून उत्तर आलं, की चासी नसल्यास इंजिन क्रमांक कळवावा. मामा म्हणाले, बघून सांगतो, आणि इमानाने पाहून, दुसऱ्या दिवशी सायकलवरून जाऊन इंजिन नसल्याचं सांगून आले. बुधवारी तसं लेखी हवं होतं. गुरुवारी त्याची दुसरी प्रत. लिलाव सातला आणि ठाण्यातली दंडाची खिडकी उघडायची दहाला. मधल्या वेळात माणसाने करायचं तरी काय, म्हणून मामा बंदरावर थांबत.

"मामानु, ह्या उन्हातान्हात कित्याक खेपा घालतास?" चौथ्या आठवड्यात हवालदार कळवळून म्हणाले. "काय कळला तर मीच फोन करतंय."

"नको, नको," मामा घाईने म्हणाले. "दंड माझो आसा. मीच येतंय."

त्या दिवशीही नाझमीनने संध्याकाळी विचारलं, "भरलात?"

"घेवक नाय," मामा म्हणाले. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

तिने मासळीची पिशवी उघडून बघितली, आतला सौंदाळा उलटा करून त्याच्या गालफडाखाली अंगठा दाबला आणि मान हलवली. मग, चुलीकडे जाता जाता, पाठमोरीच म्हणाली, "उद्या जाशात तेव्हा जन्नतचाचीक पण इचारा. तिका मोरी व्हयी होती."