आईची दोन बोटं

ही गोष्ट संवत २०५४ च्या तिहारातली, म्हणजे आमच्या नेपाळी दिवाळीतली. त्या वर्षी माझा धाकटा भाऊ टेकध्वज बांधकाममंत्री होता.

आमचं गाव बुढीगंडकी नदीच्या उभ्या कड्यावर. शाळा, बाजार, रस्ता सगळं समोरच्या काठावर. मध्ये तुइन, म्हणजे ताणलेली तार आणि तिला लटकणारी लाकडी पेटी. पेटीत बसायचं आणि दोर ओढत पलीकडे जायचं. टेकध्वजला, आमच्या टेकेला, शाळेत पोचवताना आईची दोन बोटं तारेवरच्या कप्पीत गेली. मी पेटीतच होते. आई किंचाळली नाही. आधी त्याला काठावर उतरवलं, मग कमरेचा पटका सोडून हाताला गुंडाळला. संध्याकाळी चुलीशी बसून टेके त्या हाताला मोहरीचं तेल चोळायचा. असा होता माझा भाऊ. म्हणूनच संताप होतो.

पुढे तो निवडणुकीला उभा राहिला आणि सभेसभेत आईच्या बोटांची गोष्ट काढू लागला. "ज्या तुइनने माझ्या आईची बोटं खाल्ली, तिथे मी पूल बांधीन!" बायका रडायच्या, मतं पडायची. दोनदा निवडून आला, मंत्री झाला, पूल मंजूरही झाला. बांधला कुठे? खाली अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, त्याच्या सासऱ्याच्या वाळूच्या खाणीपाशी. ट्रकांची सोय झाली.

त्याच पावसाळ्यात शेजारच्या मनसराची मुलगी सुनमाया शाळेतून येताना पेटीतून पडली. सापडली नाही.

दर तिहाराला टेके शाळेच्या मैदानात हेलिकॉप्टरने उतरायचा. मी ताट घेऊन तुइनने त्याच्याकडे जायचे, भाऊबीजेचा टिळा लावायचे, फोटो निघायचे. त्या वर्षी मी गेले नाही. अंगण सारवलं, टिळ्याचे सात रंग कालवले, मखमली फुलांची माळ ओवली, तांदळाच्या पिठाचे गोल सेल तळले, उंबऱ्यावर अक्रोड ठेवला. भावाचे वैरी असे फुटोत म्हणत बहीण तो दगडाने फोडते.

दुपारी त्याच्या पक्षाचा कृष्णलाल धापा टाकत वर आला.

"दिदी, मंत्रीजी खोळंबलेत. चला ना."

"टिळ्याला भाऊ बहिणीच्या दारात येतो. बहीण हेलिकॉप्टरच्या दारात जात नाही."

"अहो, पण तुइनवरून? मंत्र्यांना काही झालं म्हणजे?"

"तू आलासच की," मनसरा म्हणाली. "तुझा जीव काय बाजारात सवलतीत मिळाला?"

तो सोललेले तळहात चोळत परत गेला. मग समोरून कर्णा वाजला. "दिदी, हट्ट करू नकोस! देश माझी वाट बघतोय!"

"मग देशाकडूनच लावून घे टिळा!" मनसरा ओरडली. आमचा सगळा काठ हसला.

मी तुइनपाशी उतरले आणि रिकामी पेटी त्याच्याकडे सोडली. "टेके, बस! आईने ओढलं, आता मी ओढते!"

मला भांडण नको होतं. तारेच्या मध्यावर, खाली पाणी गर्जत असताना, त्याला आईचा हात आठवला असता तर पूल आमच्या घाटावर आला असता. एवढ्यासाठीच मी अडून बसले होते.

तो आला. एक पाय पेटीत ठेवला. माझ्या हातातला दोर ताठ झाला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. पाय मागे घेतला, कोट झटकला आणि वळला. मैदानात पक्षाच्या कुठल्या बाईने त्याला टिळा लावला. संध्याकाळी रेडिओने सांगितलं, मंत्र्यांना बहिणीचा टिळा. निर्लज्ज मेले!

टेके पुढे आणखी दोनदा मंत्री झाला, दोन पक्ष बदलले, आणि दिल्लीच्या इस्पितळात वारला. शेवटच्या निवडणुकीतही त्याने आईची बोटं काढली होती. माझ्या दारात तो परत कधी आला नाही. कृष्णलाल जिल्ह्याचा पुढारी झाला. तळहात आता मऊ आहेत. आमच्या घाटावर पूल झाला एकोणीस वर्षांनी, आणि त्याच्या दगडावर नाव कोरलंय टेकध्वजचं. मनसरा पुलाच्या तोंडाशी चहा विकते. उष्ट्या पेल्यांचं पाणी रोज त्याच दगडावर ओतते. मी तिला अडवत नाही.

तो अक्रोड मी फोडला नाही. फडताळात आहे. हलवला की खुळखुळतो.