उंडगेरावाचं दीड मिनिट

"गुरुजी, तुमचा उंडगेराव पाह्यला म्या! टीव्हीवर! आईच्यान!"

रामाकोना गावच्या नत्थूजीनं फटफटी बंदसुद्धा केली नव्हती. प्रभाकर बोंद्रे गुरुजी सौसरच्या आपल्या घराच्या ओट्यावर बसून शाळेच्या वाचनालयातली फाटकी पुस्तकं खळीनं चिकटवत होते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी हे काम शाळेनं त्यांच्याकडेच ठेवलं होतं, किंवा त्यांनीच ते सोडलं नव्हतं.

"आधी तुझी फटफटी बंद कर. आता सांग."

"काल शेतीचा कार्यक्रम होता न जी. संत्र्यावरच्या कोळशी रोगाचं सांगून राहिला होता तो सायब. त्याचं संपलं, पडदा काळा झाला, अन् एकदम उंडगेराव! एक कान लुगड्याचा, एक पोत्याचा. मी बायकोले हाक मारतो तवरिक गायब! बातम्याच लागल्या."

"भास झाला असंन तुले."

"भास? तिसरीत तीन वर्सं होतो जी मी तुमच्या वर्गात. त्या माकडानंच मले पाढे शिकवले. त्याले मी नाही वयखणार?"

गुरुजी हसले. पण हातातला खळीचा ब्रश तसाच राहिला.

उंडगेराव म्हणजे कापडी माकड. वर्गातल्या पोरांसाठी गुरुजींनी त्याच्या गोष्टी रचल्या होत्या आणि त्याला व त्याच्या गोतावळ्याला वच्छलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, जुन्या लुगड्यांतून शिवलं होतं. पंच्याहत्तर साली एका शिक्षण-मेळाव्यात रात्रभराच्या प्रवासावरच्या शहरातल्या टीव्ही केंद्राच्या कोण्या साहेबांनी तो खेळ पाहिला आणि गुरुजींना बोलावून घेतलं. उन्हाळ्याच्या सुटीत तेरा भाग झाले. तेव्हा सौसरात टीव्ही नव्हता, पांढुर्ण्यात नव्हता. सगळ्या तालुक्यात एकाही माणसानं तो कार्यक्रम पाहिला नाही. गुरुजींनीही नाही. पडद्याआड बाहुली नाचवणाऱ्याला पडद्यावरचं कुठून दिसणार?

आता नागपूरकडे तोंड करून उंच ॲन्टेना उभे राहिले, घरोघरी नाही तरी गल्लोगल्ली टीव्ही आले. तेव्हा धीर करून गुरुजींनी केंद्राला एक पत्र टाकलं होतं. पत्राचे सात कच्चे खर्डे केले, आठवा पाठवला. उत्तर दोन ओळींचं आलं: फिती परदेशी व महाग असल्यामुळे पुन्हा वापरण्यासाठी पुसण्यात येतात; सबब सदर कार्यक्रम उपलब्ध नाही. गुरुजींना वाईट वाटलं आणि, खरं सांगायचं तर, थोडं बरंही वाटलं.

बरं का वाटलं, ते त्यांच्यापुरतंच होतं.

"काय म्हनता भाऊ? उंडगेराव?" वच्छलाबाई चहाच्या कपबशा घेऊन दारात उभ्या होत्या. "मंग पुसला नाही न तो? म्हंजे सापडन! माझं नाव बी असंन न त्यात?"

"असंनच न काकू," नत्थूजी म्हणाला.

गुरुजी खाली वाकून पुस्तकाचं पान सरळ करू लागले.

त्याचं असं झालं होतं. शेवटच्या दिवशी नावांच्या पाट्या रंगवणारा माणूस ब्रश घेऊन स्टुडिओत उभा होता. साहेबांनी विचारलं, "बाहुल्या कोणी केल्या, मास्तर? नाव सांगा." आजूबाजूला दहा-बारा परके लोक. चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची रीत गुरुजींच्या घराण्यात नव्हती. त्यांच्या वडिलांनी उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले. "घरीच केल्या," ते पुटपुटले. साहेब पुढच्या कामाला लागले. आणि घरी आल्यावर वच्छलाबाईंनी पाणी देता देता विचारलं, "माझं नाव देलं का हो?" तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं, "देलं न. मोठ्या अक्षरात."

ती एक गोष्ट अकरा वर्षं सौसरात फिरत होती. हळदीकुंकवाला, लग्नाच्या मांडवात, माहेरी सावरगावला. "माझं नाव टीव्हीत आलं आहे, बाई." कोणी खवचटपणे विचारायचं, "कोणं पाह्यलं?" वच्छलाबाई म्हणायच्या, "यायनं सांगतलं." तेवढा पुरावा त्यांना पुरत असे.

वच्छलाबाईंच्या आग्रहापुढे गुरुजींनी दुसरं पत्र टाकलं. त्यात शेतीच्या कार्यक्रमाची तारीख आणि वेळ लिहिली, माकडाच्या दोन्ही कानांचं वर्णनही दिलं. हे वर्णन हास्यास्पद तर नाही ना, असं त्यांना पेटीत टाकल्यावर वाटलं. पण पत्र पेटीतून परत काढता येत नाही. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. फीत-संग्रहातल्या कुणी प्रतिभा नावाच्या बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: "शेतीचा कार्यक्रम तुमच्या कार्यक्रमावरच मुद्रित केलेला दिसतो. तो लहान आहे, त्यामुळे फितीच्या टोकाला तुमचा थोडा शेवट पुसायचा राहिला आहे. मंगळवारी आलात तर दाखवता येईल. शेवटी नावंही आहेत."

"मी बी येते," वच्छलाबाई म्हणाल्या.

"दगदग होईन तुले."

"अकरा वर्सं वाट पाह्यली, आता दगदग?"

त्यांनी ठेवणीतलं जांभळं लुगडं काढलं.

पांढुर्ण्याच्या स्टेशनावर भर दुपारी दोघं बाकावर बसली होती. गाडी आधीच्या स्टेशनावर, तिगावला, अडकून पडली होती. इंजिनात काहीतरी झालं, तासभर लागेल, असं पोर्टर सांगून गेला. गुरुजींनी पिशवीतून पुस्तक काढलं. तेच पान चार वेळा वाचलं. मग मिटलं.

"ऐकलं का, एक सांगाचं होतं."

"सांगा न."

"तुझं नाव नाही त्याच्यात."

वच्छलाबाई डब्याचं झाकण उघडत होत्या. "कशात?"

"नावात. मी देलंच नाही. त्यायनं विचारलं होतं. मले... लोकं होते लय. तोंडातून निघालंच नाही."

बाईंनी झाकण पुन्हा लावलं. समोरच्या फलाटावर हमाल गठ्ठे उतरवत होते. त्या तिकडे पाहत राहिल्या.

"मंग घरी येऊन काहून सांगतलं, मोठ्या अक्षरात म्हून?"

"तुह्या तोंडाकडे पाहून."

"अकरा वर्सं मी सांगून राहिली लोकाइले! त्या शोभीच्या सासूनं भर मांडवात मले खोटं पाडलं, मी तिच्याशी बोलणं टाकलं! ती बुढी खरीच होती म्हना की!"

"हो," गुरुजी म्हणाले.

"पोट्ट्याइले शिकवत होते न तुमी, खरं बोला म्हून?"

गुरुजींनी पुस्तक पिशवीत टाकलं. मग ते म्हणाले, "वापस जाऊ घरी. पाचची बस भेटंन."

"वापस काहून? तुमी जा वापस." बाईंनी डबा उघडून दोन पोळ्या त्यांच्यापुढे केल्या. स्वतः घेतल्या नाहीत. "मले माकड पाहाचं आहे. नाव नसंन तं नसंन. शिवलं तं म्याच होतं न? थे तं कोणी खोडलं नाही?"

गाडी आली. रात्रभर त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. पहाटे गुरुजींना जाग आली तेव्हा त्यांच्या पायांवर वच्छलाबाईंची शाल होती.

फीत-संग्रह म्हणजे थंडगार लांबलचक खोली. छतापर्यंत रॅक आणि त्यात जात्याच्या पाळीएवढाल्या फितींचे डबे. प्रतिभाबाई तिशीच्या, स्वेटर घातलेल्या. त्यांनी आधी कार्डांचा ड्रॉवर दाखवला. एकेका भागाचं एकेक पिवळं कार्ड, 'उंडगेरावाची फेरी', भाग एक ते तेरा. आणि प्रत्येकावर आडवा जांभळा शिक्का: 'पुसली'.

"फीत पुसतो, कार्ड नाही फेकत," त्या म्हणाल्या. "का, ते मलाही माहीत नाही. नियम आहे. या, मशीनवर लावलंय."

छोट्या पडद्यावर शेतीचे साहेब संत्र्याचं काळं पडलेलं पान दाखवत होते. ते थांबले. काळोख झाला. आडव्या रेघा थरथरल्या. आणि उंडगेराव वर आला.

करड्या रंगात, एका बाजूला थोडा कलून, आपल्या विजोड कानांसकट तो समोर पाहत होता. "तर मग पोरांनो, आज मी चोरलेले शेंगदाणे कोणाचे होते?" त्यानं विचारलं. गुरुजी दचकले. हा आवाज कोणाचा? खणखणीत, मिस्कील, कोणाला न भिणारा. आपला? पडद्याआड असताना आपण असे होतो? पुढच्या ओळी त्यांना आठवत नव्हत्या; उंडगेरावाला सगळ्या आठवत होत्या. त्यानं शेंगदाणे म्हातारीला परत केले, डोकं खाजवलं, आणि खाली जाता जाता शेपटी हलवली.

"अगं माय," वच्छलाबाई पुढे झुकल्या. "शेपूट उलटं जोडलं म्या! पाहा न, शिवण वर आली आहे!" आणि त्या हसायला लागल्या, लुगड्याचा पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मशीनवरचा माणूसही हसला.

मग पाट्या आल्या. लेखन व आवाज, प्रभाकर बोंद्रे. संगीत. प्रकाश. नेपथ्य. निर्मिती. वच्छलाबाई हसायच्या थांबल्या आणि एकेक पाटी वाचू लागल्या, ओठ हलवत, शाळेतल्या मुलीसारख्या. शेवटची पाटी गेली. पडद्यावर मुंग्या आल्या तरी त्या पाहत होत्या.

"एक मिनिट बत्तीस सेकंद," प्रतिभाबाईंनी घड्याळ पाहून म्हटलं. "फीत पुन्हा लागेल तेव्हा हेही जाईल बहुतेक. मी साहेबांना सांगून पाहीन, पण शब्द देत नाही. नवं कार्ड मात्र करू या. मिळालेल्या तुकड्याचं कार्ड करावंच लागतं."

बाहेरच्या कचेरीत उकडत होतं. छताचा पंखा खडखडत फिरत होता. शिपाई चहा घेऊन आला होता, शेजारच्या टेबलांवर तीन-चार कारकून काम करत होते. प्रतिभाबाईंनी दौतीत टाक बुडवला. कार्यक्रमाचं नाव लिहिलं, लेखन लिहिलं.

"बाहुल्या कोणी केल्या होत्या?"

वच्छलाबाईंनी भिंतीकडे पाहिलं. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं.

गुरुजींचे कान तापले. चहावाला शिपाई कप पुढे करून थांबला होता. एका कारकुनानं मान वर केली होती. गुरुजींनी घसा साफ केला, आणि तरी पहिल्यांदा नुसता श्वासच बाहेर आला.

"वच्छला," ते म्हणाले.

"काय म्हणालात?"

"वच्छला प्रभाकर बोंद्रे." या खेपेला शेजारच्या टेबलांपर्यंत गेलं. "ह्या. ह्यांनी केल्या. कापड ह्यांचं, शिलाई ह्यांची. तेराच्या तेरा भागांच्या."

वच्छलाबाईंचं तोंड लालबुंद झालं. "बस झालं हो," त्या पुटपुटल्या. "लोकं पाहून राहिले."

"पाहू दे."

प्रतिभाबाईंनी नाव लिहिलं. मग टाक हवेत धरून त्यांनी विचारलं, "तेरा भागांच्या म्हणता? मग त्या कार्डांवर का नको?" त्यांनी उठून ड्रॉवरमधून पिवळा गठ्ठा आणला. एकेक कार्ड पुढे घेऊन, 'पुसली'च्या शिक्क्याखाली उरलेल्या जागेत, त्या लिहीत गेल्या: बाहुल्या, सौ. वच्छला प्रभाकर बोंद्रे. पहिला भाग. दुसरा भाग. वच्छलाबाई लिहून झालेलं प्रत्येक कार्ड दोन बोटांनी कडेला धरून उचलत आणि टेबलावर ओळीनं मांडत, वाळवण घालावं तशी.

सातव्या कार्डाला पंख्याच्या वाऱ्यानं मांडलेली पहिली ओळ हलली.

"पंखा बंद करता का, भाऊ?" वच्छलाबाई शिपायाला म्हणाल्या. "शाई ओली आहे."

पंखा खडखडत थांबला. कारकुनांनी कपाळं पुसली. तेरावं कार्ड झालं, चौदावंही त्याच्याशेजारी लागलं. मग प्रतिभाबाई, गुरुजी आणि वच्छलाबाई त्या उकाड्यात टेबलाभोवती बसून राहिली, अक्षरं वाळायची वाट पाहत.