उरलेल्या राजाला वाचवणारे

खलनायक करावा तर असा, की त्याला मारताना मारणाऱ्याचा हात अडखळला पाहिजे, हे दातोबाचं ठाम मत. आणि दातोबाचं एकदा मत झालं की ब्रह्मदेव खाली उतरला तरी ते बदलायचं नाही. धंद्यानं तो कवळ्या करणारा. दवाखान्यांतून जबड्यांची मापं यायची, हा त्यांत प्लास्टर ओतून साचे काढायचा आणि साच्यांवर दात बसवायचा. दुकानाच्या मागच्या खोलीत फळ्याच फळ्या, आणि त्यांवर गावभरचे जबडे आ वासून बसलेले. नवखा माणूस आला की दारातच थबकायचा.

रविवारी दुपारी याच खोलीत खेळ चालायचा. खेळ तसा साधा. एकानं गोष्ट रचायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतले वीर व्हायचं, आणि कोणाचा वार लागला, कोण वाचलं, हे वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. रचणारा दातोबा. वीर तिघं: त्याची थोरली बहीण, जिला सगळे ताईच म्हणायचे, नकाशे काढायच्या कचेरीत काम करणारी नकाशेबाई, आणि रिटायर व्हायला आलेला वायरमन. तिघांची वयं मिळून दीडशेच्या वर, पण एकदा तलवारी उपसल्या की काय विचारता!

दातोबाची बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यातलं पहिलं वर्ष तर हा कोणाशी धड एक शब्द बोलला नाही. ताई डबा ठेवून जायची आणि भरलेला डबा परत न्यायची. मग एक दिवस त्यानं वही उघडली आणि मरायचंच नाही असं ठरवून बसलेला एक राजा रचायला घेतला. तिघं खेळायला तयार झाली ती काही राजाच्या प्रेमानं नव्हे. हा निदान बोलायला लागला, जेवायला लागला, एवढ्यावरच त्यांचं समाधान होतं.

राजाचं नाव 'उरलेला'. कवळीच्या हिरड्या ज्या गुलाबी मेणाच्या करतात, त्या मेणाचा वीतभर पुतळा दातोबानं स्वतः कोरला आणि त्याच्या उघड्या तोंडात चार बारीक दात बसवले. त्याच्या अमरपणाचा नियम मात्र त्यानं वहीतच दडवून ठेवला, कारण तो वीरांनी शेवटी शोधून काढायचा होता. नियम असा: मृत्यू राजाच्या दाराशी आला की कोणीतरी आपखुशीनं खोटं बोलायचं, 'तो मेलेला नाही.' धमकी नको, बळजबरी नको. मग राजा वाचतो. किंमत बोलणाऱ्याला पडत नाही. बोलणाऱ्याचा ज्याच्यावर सगळ्यात जास्त जीव, त्याच्यावर त्याच क्षणी दहा वर्षं चढतात; चेहऱ्यावर नव्हे, आत, हाडांत नि दातांत.

नियम लिहून झाला तेव्हा दातोबा स्वतःवरच खूश झाला होता. घ्या! लिहिताना काय जातंय?

आता खेळ रचणाऱ्यांना एक वाईट खोड असते, आणि ती त्यांच्या जमातीबाहेर कोणाला कळायची नाही. राजाचा फासा रचणारा टाकतो, तोही पुठ्ठ्याच्या आडोशामागे. आकडा फक्त त्यालाच दिसतो. महिनोन्‌महिने खपून केलेला खलनायक दुसऱ्याच रविवारी मरायला टेकला, तर जीव राहतो का हो? ताईचा भाला नेमका लागला. राजा वाचायला पंधराच्या वर हवे होते. आडोशामागे पडले चार.

"सतरा," दातोबा म्हणाला. "वाचला!"

"मेल्याचं नशीबच दांडगं," ताई चडफडली, आणि खेळ पुढे गेला.

पुढच्या महिन्यात नऊ पडले, त्याच्या पुढच्या महिन्यात दोन. दोन्ही वेळा दातोबानं बेधडक थाप मारली.

मग ताईची कॅप टोचायला लागली. खेळ सुरू झाला त्याच महिन्यात तिची दाढ तुटली होती आणि दातोबानं तिला कॅप करून दिली होती. कशी? तर जीभ फिरवली तरी पत्ता लागू नये इतकी चपखल. आता ती म्हणत होती, "बाळ्या, घास चावताना आधी तुझी कॅपच लागते रे. वाढली की काय ती?"

"कॅप वाढते का कधी, ताई?"

तो हसला खरा, पण माप घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लास्टर सुकल्यावर त्यानं नवा साचा जुन्या साच्याशेजारी ठेवला. कॅप होती तशीच होती. बाकीचे दात झिजून खाली गेले होते. टोकं सपाट, दाढांवरच्या खाचा पुसलेल्या, पुढच्या दातांची उंची निम्मी. तीस वर्षं त्यानं जबडे पाहिलेले. जबडा हातात घेतला की तो वय सांगायचा, दोन-तीन वर्षांच्या वर चूक नाही. ताईला बावन्न पुरी झालेली. साचा ब्याऐंशी वर्षांचा होता.

फळीवर उरलेला होता. दातोबानं त्याला उजेडात धरलं. चार दात बसवलेल्या त्या तोंडात आता पंधरा होते, पांढरेशुभ्र, खाचांसकट. सगळ्यात मागची एक जागा तेवढी रिकामी होती.

सांगणार कोणाला? सांगायचं तर आधी कबूल करायला हवं, की मी तीन महिने तुमच्या तोंडावर खोटं बोललो. आणि पुढे काय? खेळ बंद करावा तर अर्धवट सोडलेला राजा मेलेला नसतोच, आणि तो जगला तर ताईची वर्षं परत कुठली? ज्या टेबलावर तो जगला त्याच टेबलावर मरायला हवा, फाशानं, सगळ्यांसमोर, खराखुरा. आठवडाभर दातोबाला घास गोड लागला नाही. सगळा जन्म जिनं याला सांभाळला, तिचंच आयुष्य यानं एका मेणाच्या बाहुल्याला भरवलं होतं. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती त्याला.

रविवारी तो मुकाट्यानं बसला. ताई धापा टाकत आली; हल्ली चार पायऱ्या चढली तरी तिला दम लागायचा. डाव भराभर रंगला. नकाशेबाईनं राजाला बुरुजात कोंडलं, वायरमननं दार तोडलं आणि ताईनं भाला मारला.

दातोबानं पुठ्ठ्याचा आडोसा उचलून जमिनीवर ठेवला. "आज उघड्यावर टाकतो," तो म्हणाला. तिघांनी माना पुढे काढल्या.

फासा गडगडत गेला आणि टेबलाच्या मधोमध थांबला. तीन. स्वच्छ, ठळक तीन.

"मेला," दातोबा म्हणाला. "संपला. उरलेला मेला."

आणि त्याला रडू कोसळलं. सुटल्याचं रडू होतं ते, पण समोरच्यांना काय कळणार? त्यांना दिसला तो दोन वर्षांपूर्वीचा माणूस, भरलेला डबा परत पाठवणारा. आता याच्याजवळ उरलं काय, हाच विचार तिघांच्या मनात एकदम आला. ताईनं चटकन हात पुढे केला आणि फासा उचलला.

"छे, छे! हे काही खरं नाही. माझा गुडघा लागला टेबलाला. हललं ते. तो नाही मेला."

"हललं ना," नकाशेबाई लगेच म्हणाली. "मी पाहिलं की! तो फासा धरायचाच नाही."

"अहो, सतरावर थांबत होता तो," वायरमननं ठोकून दिलं. "माझ्या डोळ्यांदेखत! राजा जिवंत आहे, दातोबा. पुसा डोळे."

"नका!" दातोबा ओरडला. "तोंडातून काढू नका ते!"

पण काढून झालं होतं. तिघंही एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसत होती, चोरून चांगलं काम केल्यावर माणसं हसतात तशी. ताई उठली आणि तिनं पदरानं त्याचे डोळे पुसले. खोलीत कुठेतरी बारीक कट्कन वाजलं. दातोबानं फळीकडे मान वळवली नाही.

"ताई," तो कसाबसा म्हणाला, "तुझा सगळ्यात जास्त जीव कोणावर आहे?"

"हे काय भलतंच? तुझ्यावर, वेड्या. आणखी कोणावर असणार?"

तो हं म्हणाला. ते त्याला चाललं असतं. तेवढंच असतं तर बरंच झालं असतं.

"मला विचाराल तर आमच्या मांजरावर," नकाशेबाई म्हणाली. "नवरा ऐकत नाहीये तोवर सांगून टाकते."

सगळे खो खो हसले. "आणि तुमचा हो?" ताईनं वायरमनला विचारलं.

"माझा?" वायरमनचा चेहरा खुलला. त्यानं खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर सरकवला, आणि तीन महिन्यांच्या नातीचा फोटो कौतुकानं सगळ्यांपुढे धरला.