डावा गाल

आई गेल्यापासून माझ्या तोंडाला कुणाचा हात लागलेला नाही. माझा सोडून. आणि स्वतःच्या हाताचं काय मेलं कौतुक?

लॉन्ड्रीत वाफेचा पाइप फुटला तेव्हा मी ऐन पंचविशीत होते. डावा गाल, डोळ्याची कड, ओठ, सगळं विरघळलं आणि पुन्हा कसंबसं चिकटलं. मालकानं नोकरी टिकवली, भला माणूस. फक्त काउंटरवरून उचलून मागच्या इस्त्रीच्या खोलीत नेऊन टाकलं, कारण म्हणे गिऱ्हाईक बिचकतं. बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामीच राहते, मी आपली पिशवी ऐसपैस ठेवते. भावाकडे पाहुणे आले की वहिनी म्हणते, "ताई, तुम्ही आत जरा आराम करा हं." एवढा आराम केलाय मी आयुष्यात की विचारू नका.

या सगळ्याची सवय होते. पण आई रोज झोपताना माझ्या तोंडाला तेल लावायची, ती सवय काही केल्या सुटेना. मला कुणाची कीव नको होती. नवराही नको होता, निदान आता तरी. कुणीतरी एकदा तोंडावरून हात फिरवावा, बस्स. त्यासाठी जीव नुसता तळमळायचा.

म्हणून सुट्टीच्या दिवशी भरदुपारी कोपऱ्यावरच्या ब्युटी पार्लरमध्ये शिरले, तोंडावरचा स्कार्फ सोडला आणि म्हटलं, "फेशियल करायचंय."

भुवया कोरून घेत बसलेली एक बाई एकच भुवई झालेली असताना "फोन आलाय" म्हणत उठून बाहेर गेली. मालकीणबाई गोड हसल्या.

"अहो, तुमच्या स्किनला क्रीम सोसलं नाही तर? असं करू या, दुकान बंद झालं की या. निवांत करू."

"मी आत्ताही निवांतच आहे. दारावर 'सर्वांचे स्वागत' लिहिलंय, तेवढं पुसा, लगेच जाते."

जीभ माझी पहिल्यापासून तिखट, तिचं वाफेला काही वाकडं करता आलं नाही.

मालकीणबाईंनी आतल्या बाईला खूण केली. माझ्याच वयाची, अंगानं जाडजूड. तिनं मला खुर्चीत आडवं केलं, केसांना पट्टी बांधली आणि खोक्यातून हातमोजे काढून चढवले. शेजारच्या खुर्चीत मात्र उघड्या हातांनीच काम चाललं होतं.

"मोजे काढा," मी म्हटलं.

"तसं नाही हो, तुम्हाला दुखलं-बिखलं तर..."

"दुखायचं ते कधीच दुखून गेलं. आणि हात लावून हे कुणाला होत नाही."

ती ओशाळली. मोजे काढले. गार क्रीम लागलं, हात फिरायला लागला. उजव्या गालावर. गोल गोल, पुन्हा उजव्याच गालावर. शेवटी मीच तिचं मनगट धरलं आणि हात उचलून डावीकडे नेऊन ठेवला. आता ही हात ओढून घेणार, असं वाटलं. तिनं घेतला नाही. मनगट माझ्या हातात होतं, म्हणून ते कळलं.

मग मी मनगट सोडलं.

"डोळे मिटा ना," ती हळूच म्हणाली. "सगळ्याजणी मिटतात."

मला मिटवेनात.

"मिटले तर तुमचा हात आहे की गेला, मला कळायचं नाही," मी म्हटलं. "त्या बाजूला काही जाणवतच नाही मला. आई तेल लावताना बडबडत असायची, त्यावरून कळायचं."

शेजारचं बोलणं थांबलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कशाला तोंड उघडलं असं वाटलं.

मग ती खाली वाकली.

"हात हनुवटीवर आहे," ती म्हणाली. "आता ओठाकडे चाललाय. आता गालावर. गालावरच आहे, ताई."

मी डोळे मिटले.

"थांबू नका," म्हटलं. "सांगत राहा."