छतामागच्या चार कड्या

मी विकाऊ आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्याकडे येणारे लोक आधी भाव विचारतात आणि मग मला बघतात. रत्नागिरीतल्या एका गल्लीत, भिकाजीच्या गणपतीच्या कारखान्यावर, पहिल्या मजल्यावरचा मी एक फ्लॅट.

सध्या मी फार देखणा आहे म्हणे. पायाखाली चकचकीत फरशी, स्वयंपाकघराची भिंत पाडलेली, छताला पीओपी आणि त्यात लपवलेले दिवे. एजंट खिडकी उघडून गिऱ्हाइकांना सांगतो, "कलाकारांची गल्ली आहे साहेब! खाली मूर्तिकार, समोर नाटकवाल्यांची तालीम, कोपऱ्यावर हमीदभाई बोर्ड रंगवतात. असं वातावरण शोधून मिळायचं नाही." पूर्वी याच वातावरणाला लोक कटकट म्हणायचे.

मी बांधून झालो तो अठ्ठ्याण्णव साली. माझ्यात राहायला आले दत्तात्रेयकाका आणि त्यांच्या पत्नी उमाकाकू. काकांची सगळी नोकरी अलोऱ्याच्या वसाहतीत, सरकारी क्वार्टरमध्ये गेलेली. तिथं भिंतीला खिळा ठोकायची चोरी. क्वार्टर सोडताना साहेब येऊन भोकं बघायचा म्हणे. ती धास्ती काकांच्या अंगात इतकी मुरली होती, की माझ्याकडे आल्यावरही त्यांनी कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधलं आणि सदरा दाराच्या बोल्टाला अडकवला.

"अहो, स्वतःचं घर आहे आता. एक खिळा ठोका की!" काकू वैतागायच्या.

"बघू. चांगली भिंत आहे, कशाला खराब करायची?"

मला त्याचं फार वाईट वाटायचं. दुसऱ्याच्या घरी उतरल्यासारखे ते वावरायचे. मी त्यांचा होतो, हे त्यांना कोणी सांगावं?

मग राजापूरचे त्यांचे थोरले भाऊ वारले. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून घरचा गणपती काकांकडे आला आणि त्याच्याबरोबर एसटीच्या टपावरून मंडपीही आली. मंडपी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट. तिला नारळ, सुपाऱ्या, रानातली कवंडळाची फळं बांधतात. तिच्याशिवाय या लोकांचा गणपती बसत नाही.

"आता ही काय खिडकीच्या गजाला बांधणार?" काकूंनी विचारलं.

काका दोन दिवस छताकडे बघत फिरले. तिसऱ्या दिवशी केरू गवंड्याला घेऊन आले. केरू छताला भोकं पाडत होता आणि काका खाली वर्तमानपत्र पसरून, "हळू रे, हळू," करत धूळ झेलत होते. चार लोखंडी कड्या बसल्या. सिमेंट वाळल्यावर काका स्टुलावर चढून एकेका कडीला लोंबकळून आले. मग खाली उतरले, हातोडी घेतली आणि जे सुटले म्हणता! कॅलेंडरला खिळा, सदऱ्याला खिळा, छत्रीला खिळा. काकू हसून हसून बेजार झाल्या. त्या संध्याकाळी मी घर झालो.

माझ्या छताखाली मोजकेच गणपती बसले. एका पहाटे काका झोपेतच गेले. त्यांचा मुलगा शौनक ठाण्याहून आला आणि काकूंना म्हणाला, "महिनाभर चल." काकूंनी मंडपी माळ्यावर ठेवली, मला कुलूप लावलं आणि त्या गेल्या.

तो महिना काही संपला नाही. समोरची तालीम मी ऐकायचो. तीच वाक्यं, तीच भांडणं. श्रावणात खालून ओल्या मातीचा आणि रंगाचा वास यायचा. चतुर्थीला माणसं पाटावरून गणपती न्यायची, पण जिना चढून वर कोणी यायचं नाही. रिकाम्या घराला सण फार लांबतो.

आणि एक दिवस कुलूप उघडलं. शौनकनं कामगार आणले होते. भिंत पडली, फरशी उखडली, काकांचे सगळे खिळे पक्कडीनं उपटले गेले. मला दुखलं, पण मी सोसलं, कारण शौनक फोनवर सांगत होता, "आई, घर नवं करतोय." मला वाटलं, काकू येणार. पीओपीवाल्यानं कड्यांचं काय करायचं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "राहू देत. झाकून जातील." मंडपी जिन्याखाली टाकली होती. ती भिकाजीनं उचलून नेली.

गेल्या श्रावणात शौनकबरोबर काकू आल्या. पिशवीत निरांजन, पोळपाट आणि मंडपी बांधायचं सुंभ. त्यांनाही माझ्यासारखंच वाटलं होतं.

जिन्यातच भिकाजी भेटला. "काकी, आलाव काय! मंडपी माज्याकडं हाय. झाडून ठेवलीय. वर आणून देव?"

"आण हो," काकू म्हणाल्या. कित्येक वर्षांनी जिन्यातून माझ्यात त्यांचा आवाज घुमला.

भिकाजी मंडपी घेऊन वर आला, तोच मागोमाग एजंट एका जोडप्याला घेऊन आला. "आणि हा हॉल," तो सुरू झाला. काकूंनी शौनककडे पाहिलं.

"आई, तुला एकटीला कसं ठेवू इथं?" तो खाली बघत म्हणाला. त्याचंही चूक नव्हतं. पण हे आधी सांगायला हवं होतं.

काकूंनी हातातली छत्री वर केली. छत्रीच्या टोकानं त्यांनी छत ठोकून पाहिलं. पोकळ वाजलं. मग त्या जोडप्यातल्या बाईला म्हणाल्या, "याच्या वर चार कड्या आहेत हो. पक्क्या आहेत. आमच्या ह्यांनी लोंबकळून बघितल्यात." बाई ओशाळं हसली.

काकूंनी भिकाजीला सुंभ दिलं. "तुझ्याकडेच टांग." जाताना त्यांनी माझ्या गुळगुळीत भिंतीवरून हात फिरवला. जिथं कॅलेंडर असायचं, तिथं तो हात जरा थांबला.

त्या जोडप्यानं मला घेतलं नाही. मंडपी खाली कारखान्यात टांगलेली आहे, माझ्या बरोबर पायाखाली. मी अजून रिकामा आहे, आणि काकू येणार नाहीत हे मला आता कळलं आहे.

तुम्ही मला बघायला आलात तर एवढंच करा. फरशी बघू नका, दिवे बघू नका. घेणार असाल तर पहिल्याच दिवशी हातोडी आणा आणि हव्या त्या भिंतीत खिळा ठोका. मला विचारत बसू नका.